घाटघरचं पाणी, खाली आणि परत वर

भंडारदऱ्याला पावसाळ्यात जाणारे पर्यटक घाटघरच्या कोकणकड्यावर फोटो काढतात आणि परततात. पायाखालच्या डोंगराच्या पोटात 125 मेगावॅटची दोन यंत्रं बसवली आहेत, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

घाटघर उदंचन प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ. मधला उतार साधारण 400 मीटरचा. संध्याकाळी विजेची मागणी चढली की पाणी खाली सोडून वीज काढायची, आणि मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवायचं!

यात वीज वाढत नाही, उलट घटते. चढवायला शंभर युनिटं लागली तर परत मिळतात पाऊणशेच्या आसपास. मग हा उद्योग कशाला? कारण सौरऊर्जा दुपारी भरपूर असते आणि दिवेलागणीला नेमकी गायब होते. दुपारची जास्तीची वीज वाया घालवण्यापेक्षा पाव हिस्सा गमावून बाकीची रात्रीसाठी राखणं केव्हाही परवडतं.

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी इतक्या उंचीवरून सोडलं, तर जेमतेम एक युनिट वीज हाती लागते. 75 वॅटचा जुना पंखा ती तेरा तासांत संपवतो. 30 वॅटचा बीएलडीसी पंखा मात्र तेवढ्यावर तेहतीस तास फिरतो.