उकळीनंतरचा अर्धा तास

बाळाला डब्याचं दूध द्यायचं ठरलं की घरात आधी पाणी उकळून, निववून ठेवलं जातं. पाण्यातले जंतू मेले, आता पावडर ढवळली की झालं, असा आपला हिशोब. त्यात एक जीव नेमका निसटतो, कारण तो पाण्यात नसतोच. तो पावडरीत असू शकतो.

क्रोनोबॅक्टर साकाझाकी हे त्याचं नाव. जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिइची साकाझाकी यांच्यावरून ठेवलेलं. १९५८ साली इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सला दोन नवजात बाळं मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावली, तेव्हा या जंतूशी पहिली ओळख झाली. पावडरशी त्याचं नातं उलगडायला पुढे दोन दशकांहून जास्त काळ गेला. सीलबंद डब्यातली पावडरसुद्धा पूर्णपणे निर्जंतुक नसते. हा आजार फार विरळा, पण अगदी तान्ह्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो जिवावर बेततो. आणि या जंतूची चिकाटी तरी केवढी! पाण्याचा थेंब नसलेल्या भुकटीत तो दोन-दोन वर्षं तग धरतो. कोमट पाणी मिळालं की जागा होऊन वाढू लागतो. आपण मायेने निववलेलं पाणी त्याच्या पथ्यावरच पडतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की उकळलेलं पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्याआधीच त्यात पावडर घालावी. एवढ्या उष्णतेत दहा हजार जंतूंमागे जेमतेम एखादा वाचतो. म्हणजे उकळलेल्या पाण्याची कामं दोन: आधी स्वतः शुद्ध व्हायचं, मग पावडर शुद्ध करायची! लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर साधारण अर्धा तास तेवढं गरम राहतं. पातेल्यातलं कपभर पाणी त्याआधीच निवतं, तेव्हा घाई करावी. दूध तयार झालं की बंद बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि मगच पाजायचं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं.

उकळीला एक गोष्ट मात्र जमत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी निळी पडलेली तान्ही बाळं पाहिली, आणि कारण सापडलं विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमध्ये. त्याचं शरीरात नायट्राइट होतं, आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांचं शरीर हे सावरतं, बाळाचं अजून तेवढं तयार नसतं. पाणी उकळलं तर वाफ निघून जाते आणि नायट्रेट मागे राहून उलट दाटतं. आपल्याकडे वर्धा, बुलढाणा, यवतमाळ, बीड अशा जिल्ह्यांत भूजलात हे प्रमाण अनेक ठिकाणी लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आढळलं आहे. तिथल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाळासाठी वापरण्याआधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. नायट्रेट जास्त निघालं तर बाळापुरतं पाणी दुसरीकडून आणावं.