नकाशात नसलेली खूण

विमानाची चाकं जमिनीला टेकली की प्रवासी मोबाइल काढतात, पट्टे सोडू लागतात. धोका काय तो आकाशात, हा समज इतका पक्का आहे. पण विमान अपघातांतला सर्वांत मोठा अपघात धावपट्टीवरच झाला: २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली.

अशा वेळी ‘कोण चुकलं?’ हे आपण लगेच विचारतो, आणि एक नाव मिळालं की समाधान मानतो. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी असंच दाट धुकं होतं. एका छोट्या सेसना विमानाला आर ५ या टॅक्सीवेने, म्हणजे विमानांच्या जमिनीवरच्या वाटेने, जायला सांगितलं होतं. ते आर ६ वर वळलं आणि थेट धावपट्टीवर, उड्डाणाच्या वेगात असलेल्या एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या विमानासमोर आलं. ११८ मृत्यू झाले. चूक सेसनाच्या वैमानिकाची, असं म्हणून विषय मिटवता येतो. मात्र जुनं ग्राउंड रडार बंद केलेलं होतं आणि नवं अजून सुरू झालं नव्हतं. त्याहून मला अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. वैमानिकाने वाटेत आपण ‘एस ४’पाशी असल्याचं कळवलं होतं. ही खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण नियंत्रकांच्या नकाशात नव्हती. विमान चुकीच्या वाटेवर असल्याचा पुरावा रेडिओवरून आला आणि कुणाला तो ओळखता आला नाही.

म्हणूनच संगणकावर विमानतळाचं मॉडेल उभारलं की धोके आपोआप दिसतील, हेही खरं नाही. लिनातेचं मॉडेल त्याच नकाशावरून केलं असतं, तर एस ४ त्यातही आली नसती. आधी कुणीतरी टॅक्सीवेवर चालत जाऊन खुणा पाहायला हव्यात. विमानांना हाताने खुणा करणारे मार्शलर, विमानं ढकलणाऱ्या टगचे चालक, सामान चढवणारे यांना रोज काय खटकतं ते विचारायला हवं, आणि सांगितल्याबद्दल त्यांना शिक्षा होता कामा नये.

अपघाताची तारीख मॉडेल सांगत नाही. त्यात प्रत्येक विमान, बस, इंधनाची गाडी यांच्या वेळा थोड्या पुढेमागे करून तोच दिवस हजारो वेळा चालवून पाहतात. सरासरीत सगळं सुरळीत दिसतं. पण एक गाडी उशिरा आली, दोन विमानांचा पुशबॅक (जागेवरून मागे ढकलणं) एकाच वेळी आला, टॅक्सीवेवर रांग लागली, तर कुठल्या वळणावर कोण कोणासमोर येईल ते इथे उमगतं. मग शक्यता किती आणि परिणाम किती गंभीर, हे मिळून जोखीम ठरते. क्वचितच घडेल पण शेकडो जीव घेईल, अशी गोष्ट ‘क्वचितच’ म्हणून बाजूला टाकता येत नाही.

नवं उपकरण बसवलं की काम झालं, असंही नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर थांबलेलं असताना जपान एअरलाइन्सचं विमान त्यावर उतरलं. धावपट्टी मोकळी नसल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटला होता, पण लक्षात आला नाही. प्रवासी विमानातले ३७९ जण वाचले. दुसऱ्या विमानातले पाच जण दगावले.

अपघात नाही म्हणजे सुरक्षित, हा समज तर आपल्या घरचा. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे मुख्य पट्टीवरच बहुतेक सारा भार येतो. ८ जून २०२४ रोजी तिथे एअर इंडियाचं विमान उड्डाण घेत असतानाच मागून इंडिगोचं विमान त्याच पट्टीवर उतरलं. कुणाला खरचटलंही नाही. तरी अपघाताच्या चौकशीइतकाच बारकाईने अभ्यास या काही सेकंदांचा व्हायला हवा.