आरक्षण व्यपगत होणे
आरक्षण व्यपगत होणे म्हणजे विकास योजनेत शाळा, उद्यान, रस्ता यांसारख्या सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवलेली खासगी जमीन मुदतीत संपादित न झाल्यामुळे त्या बंधनातून कायद्याने मुक्त होणे. महाराष्ट्रात ही तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये आहे.

पार्श्वभूमी

आरक्षण पडले म्हणून जमिनीची मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर मूळ मालकाचेच नाव राहते. मात्र आरक्षणाशी विसंगत बांधकामास परवानगी मिळत नाही आणि जमिनीला योग्य भावाने गिऱ्हाईक मिळणेही कठीण होते. मोबदल्याचा प्रश्न उद्भवतो तो प्रत्यक्ष संपादनाच्या वेळी. नगरपालिकेने जमीन घेतलीही नाही आणि सोडलीही नाही, तर मालकाची कोंडी होते. कलम १२७ या कोंडीवरील उपाय आहे.

मोबदल्याचे मार्ग

कलम १२६ नुसार नियोजन प्राधिकरण तीन प्रकारे जमीन मिळवू शकते: परस्पर कराराने रक्कम देऊन, रोख रकमेऐवजी चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन, अथवा राज्य शासनाकडे सक्तीच्या संपादनासाठी अर्ज करून. व्यवहारात टीडीआर म्हणून ओळखले जाणारे विकास हक्क महापालिकांना सोयीचे असतात, कारण त्यासाठी तिजोरीतून पैसे काढावे लागत नाहीत. मालकाच्या हाती मात्र प्रमाणपत्र येते आणि त्याचे मोल बांधकाम बाजाराच्या तेजी-मंदीवर ठरते. सक्तीच्या संपादनात २०१३ च्या केंद्रीय भूमिसंपादन कायद्यानुसार भरपाई ठरते व तीवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते.

सूचना व मुदत

अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन कराराने घेतली गेली नाही किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह प्राधिकरणाला सूचना बजावू शकतो. व्यवहारात तिला खरेदी सूचना म्हणतात. सूचनेनंतरही ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही वा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाते. लगतच्या जमिनीस जो विकास अनुज्ञेय असेल, तो या जमिनीवरही करता येतो. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती; २००९ मध्ये ती १२ महिने, तर २०१५ मध्ये २४ महिने झाली. दोन्ही दुरुस्त्यांनी प्रतीक्षा मालकाचीच वाढली.

न्यायनिर्णय

‘पावले’ कशास म्हणावे, हा वादाचा मुख्य मुद्दा ठरला. गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की केवळ ठराव संमत करणे किंवा शासनाकडे प्रस्ताव धाडणे पुरेसे नाही; संपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हावी लागते. अन्यथा मुदतीच्या अखेरच्या दिवशी एक पत्र रवाना करूनही आरक्षण टिकवता आले असते. लक्ष्मीकांत विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०२२) मध्ये उच्च न्यायालयाने संपादनासाठी दिलेली एक वर्षाची जादा मुदत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरक्षण व्यपगत झाल्यावर मालकाला असे ताटकळत ठेवता येत नाही.

घटनात्मक आधार

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तरी अनुच्छेद ३००-अ अन्वये कायद्याच्या अधिकाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही. कोलकाता महानगरपालिकेच्या २०२४ मधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात सात उपहक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले. पूर्वसूचना, सुनावणी व न्याय्य भरपाई यांबरोबरच संपादनाची प्रक्रिया ठरल्या वेळेत तडीस जाणे हाही त्यांतील एक होय.