चिमुकल्या वीरांची शिल्पशाळा



दिवाळी तोंडावर आली की आपल्या म्हसळ्यातील मुले दगड, विटा, जुनी पोती गोळा करतात, त्यांवर तांबड्या मातीचा चिखल लिंपतात आणि अंगणात किल्ला उभा करतात. किल्ला वाळला की बाजारातून ‘चित्रे’ येतात. सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजावर तोफ चढते, दाराशी भालदार उभे राहतात आणि पायथ्याला मावळे पसरतात. बोटभर उंचीच्या त्या आकृत्या मांडताना मुलाच्या मनात सबंध लढाई चाललेली असते. आज आम्हांस ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो नावाने नवा आहे, पण त्याचे बीज या अंगणातलेच आहे. संगणकावर शिल्प कसे घडवितात आणि लहान लहान वीरमूर्ती करीत करीत ही विद्या कशी शिकता येते, हा तो विषय.

या विद्येकडे आम्ही आपण होऊन वळलो नाही. आमच्या भाच्याने आम्हांस वळविले. त्याला सिनेमातल्या एका सुपरहिरोची मूर्ती हवी होती. तिची किंमत ऐकून आम्ही म्हणालो, “एवढ्या पैशांत गणपती येईल!” तो म्हणाला, “मामा, मग आपणच करू या. संगणक आहे की घरात.” आम्ही चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेले आणि शाडूची माती हाताळलेले गृहस्थ. नकार कसा द्यावा? अशा रीतीने मामा-भाचे एकाच इयत्तेत बसलो. त्या इयत्तेत जे शिकलो, तेच आज सांगणार आहोत.

प्रथम प्रश्न असा की, शिकण्यासाठी वीरच का निवडावा? अमेरिकेत १९३८ साली जेरी सिगेल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा ‘सुपरमॅन’ प्रसिद्ध झाला आणि तेथून सुपरहिरो नावाची जात जगभर पसरली. आपणांस मात्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एका हातात पर्वत आणि दुसऱ्या हातात गदा घेऊन झेपावणारा मारुती आपल्या गावोगावी आहे. अशा मूर्तींचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. मारुतीचा चेहरा शेंदराने बुजून गेला तरी तो मारुतीच आहे हे लांबून कळते. छातीचा फुगीरपणा, गदा धरलेला हात, शेपटीचे वळण यांवरून ओळख पटते. नवशिक्याला नेमकी हीच गोष्ट प्रथम शिकावी लागते. आकृती सगळी काळी करून पाहावी. तरीही ती कोण आहे आणि काय करीत आहे हे कळले, तर पाया बरोबर पडला. वीराची बाह्यरेषा ठसठशीत, स्नायू ठळक आणि पवित्रा स्पष्ट असतो. म्हणून तो पहिला गुरू म्हणून चांगला.

याला आपल्या जिल्ह्यातच दाखला आहे. अलिबाग तालुक्यातील सासवणे गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. मुलपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिले आणि त्याच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुढे १९२८ साली पुण्यात शिवाजी महाराजांचा जो भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो याच करमरकरांचा. सासवण्यास त्यांच्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहावयास मिळतात. देवळाची भिंत ते अश्वारूढ पुतळा, या प्रवासाच्या दोन्ही टोकांना तोच एक वीर आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. संगणकात माती नसते. मग शिल्प कशाचे होते? उत्तर खाडीकाठच्या मंडळींना चटकन कळेल : जाळ्याचे. पडद्यावर जो गोळा दिसतो तो म्हणजे एक बारीक जाळे असते. जाळ्याच्या प्रत्येक गाठीची जागा तीन आकड्यांनी ठरते : डावी-उजवीकडे किती, खाली-वर किती आणि मागे-पुढे किती. आपण कुंचल्यासारखे साधन त्यावरून फिरवितो तेव्हा संगणक त्या ठिकाणच्या गाठी वर उचलतो, आत दाबतो किंवा सारख्या करतो. डोळ्यांना दिसते ते एवढेच की, गोळ्याला उंचवटा आला, खळगा पडला. ‘झीब्रश’ हा प्रोग्रॅम या कामासाठी प्रसिद्ध आहे. ‘ब्लेंडर’ हा दुसरा. स्वयंपाकघरातल्या यंत्राशी याचा संबंध नाही! नेदरलँड्समधील टोन रूसेनडाल यांच्या पुढाकाराने लोकवर्गणी गोळा झाली आणि २००२ साली हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. आजही तो विनामूल्य मिळतो. आम्ही त्यावरच शिकलो. उंदराने, म्हणजे माउसने, काम होते. पण हाताचा कमीजास्त दाब ओळखणारी लेखणी असली तर हात पुष्कळ मोकळा चालतो.

येथे नवशिक्याची पहिली मोठी चूक होते. जाळे जितके दाट, तितका बारकावा अधिक. जाळ्याच्या प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन करण्याची सोय असते. सहा हजार चौकोनांचा गोळा चार वेळा असा विभागला की पंधरा लाख छत्तीस हजार चौकोन होतात. एवढे वैभव फुकट मिळाल्यावर कोणाला मोह होणार नाही? आमच्या भाच्याने पहिल्याच संध्याकाळी वीराच्या भुवईचे केस कोरले. मान कोठे आहे, खांदे किती रुंद, याचा पत्ता नव्हता! मग मान सरळ करावयास जावे तो ते लाखो बिंदू सुरकुत्या पडलेल्या धोतरासारखे चुरगळले. गणपतीच्या कारखान्यातील कोणताही कारागीर सांगेल की, आधी पोट आणि बैठक साधावी, सोंड मग, आणि नखे सर्वांत शेवटी. संगणकावरही क्रम तोच आहे. विरळ जाळ्यावर ठोकळ आकार, मग थोडे दाट जाळे आणि स्नायू, नंतर वस्त्रांच्या घड्या, आणि अखेर चेहरा. यंत्र बदलले म्हणून शिल्पाचा क्रम बदलत नाही.

दुसरी चूक अशी की, संगणकात वजन नसते. तेथे एका अंगठ्यावर पहाड उभा राहतो. मातीचा पुतळा करताना आत तारेचा सांगाडा घालावा लागतो, नाहीतर हात गळून पडतो. त्यामुळे माती शिकणाऱ्याला तोल आपोआप कळतो. पडद्यावर तो मुद्दाम शिकावा लागतो. आकृतीच्या भारमध्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा पायांच्या किंवा बैठकीच्या मर्यादेत पडला पाहिजे. गवंड्याचा हा ओळंबा आम्ही पडद्यावर एक उभी रेघ काढून तपासू लागलो, तेव्हा आमचे वीर पडावयाचे थांबले.

तिसरा धडा मापाचा. आम्ही सत्तर मिलिमीटरचा, म्हणजे पावणेतीन इंचांचा, मावळा करावयास घेतला. माणूस १६८ सेंटिमीटर उंच धरला तर हे चोविसावे माप झाले. आता हिशेब पाहा. खऱ्या तलवारीच्या पात्याची जाडी पाच मिलिमीटर धरली तर चोविसाव्या मापात ती सुमारे ०.२ मिलिमीटर होते, म्हणजे दोन कागद एकावर एक ठेवावेत इतकी. आम्ही अगदी प्रामाणिकपणे तेवढीच ठेवली आणि ती फाइल मुंबईस एका दुकानाकडे छापावयास पाठविली. पार्सल उघडले तो मावळा एकीकडे आणि तलवारीचे तीन तुकडे दुसरीकडे. दोष दुकानदाराचा नव्हता, आमचा होता. लहान मूर्तीत पाते निदान एक मिलिमीटर तरी ठेवावे लागते. मोठ्या मापात त्याची जाडी जवळजवळ एक इंच भरेल. अशी तलवार उचलणारा मावळा कोणी पाहिला आहे? पण हाताच्या तळव्यावर ठेवून पाहिले की तीच तलवार खरी वाटते. डोळ्यांचेही तसेच. तीन सेंटिमीटरचा डोळा या मापात खसखशीच्या दाण्याएवढा होतो. तो खोल आणि थोडा मोठा कोरला नाही तर दिसतच नाही. काय वाढवावे, काय गाळावे आणि काय नुसते सुचवावे, हा निवाडा लहान मूर्ती आपणांकडून पदोपदी करवून घेते. माप घेणारा आणि शिल्पकार यांच्यात फरक आहे तो याच निवाड्याचा. शिवाय लहान मूर्ती आठवड्यात पुरी होते, चुकली तर मन मोडत नाही, आणि वर्षाकाठी बऱ्याच करता येतात. म्हणून तिला आम्ही शाळा म्हणतो.

पडद्यावरची आकृती हातात कशी येते, तेही सांगितले पाहिजे. चार्ल्स हल या अमेरिकन अभियंत्याने १९८६ साली अशा यंत्राचे पेटंट मिळविले. एका उथळ पात्रात प्रकाशाने घट्ट होणारे पातळ रेझिन असते. त्यावर जांभळ्या-अतिनील प्रकाशाने आकृतीचा एक आडवा छेद उमटवितात. तेवढाच भाग घट्ट होतो. मग दुसरा थर, मग तिसरा. एक थर ०.०५ मिलिमीटरचा धरला तर आमच्या मावळ्याला १४०० थर लागतात आणि थराला दहा सेकंद धरले तर चार तासांना थोडाच वेळ कमी पडतो. अधांतरी हातांना खालून आधाराचे बारीक खांब द्यावे लागतात, इमारतीला परांची बांधतात तसे. मूर्ती निघाली की ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करतात आणि आधार कापून टाकतात. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. कच्चे रेझिन त्वचेला व श्वासाला अपायकारक आहे. हातमोज्यांशिवाय आणि बंद खोलीत हे काम करू नये, मुलांनी एकट्याने तर मुळीच करू नये. आणि धुवणाचे पाणी किंवा अल्कोहोल गटारात अथवा खाडीत ओतू नये. प्लॅस्टिकची तार वितळवून थर घालणारी दुसरी यंत्रे असतात. ती अधिक सोयीची, पण त्यांत बारकावा कमी उतरतो.

येथपर्यंत झाले ते तंत्र. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, ती सांगतो. पेण आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी विख्यात आहेत. तेथील कामाची रचना पाहिली तर मूळ मूर्ती घडविणारे हात थोडे असतात. त्या मूळ मूर्तीवरून रबरी साचा होतो आणि मग साच्यातून मूर्ती काढणारे, घासणारे, रंगविणारे, डोळ्यांची आखणी करणारे अनेक हात कामाला लागतात. प्रत्येक हाताचे कसब आहे, यात शंका नाही. परंतु सारा कारखाना चालतो तो त्या मूळ मूर्तीवर. ती चांगली उतरली नाही तर पुढच्या शंभर हातांचे कष्ट फुकट जातात.

संगणकाच्या शिल्पातही ‘मूळ’ आणि ‘साचा’ हाच भेद आहे. जगभरच्या सुपरहिरोंच्या तयार फाइली मिळतात. हल्ली तर दोन वाक्ये लिहून दिली की यंत्र स्वतःच आकृती बनवून हातात ठेवते. त्या छापल्या, रंगविल्या, तर आपण साच्याचे कामगार झालो. शिकण्यासाठी नक्कल करण्यात लाज नाही, आम्हीही केली. पण सिनेमातले वीर त्या त्या कंपन्यांच्या मालकीचे असतात. त्यांच्या परवानगीवाचून त्यांच्या मूर्ती विकावयास मांडता येत नाहीत. आणि समजा आल्या, तरी जी वस्तू कोठेही मिळते ती म्हसळ्याहून कोण मागवील? आपल्या तालुक्यातील किती घरांचे कर्ते पुरुष मुंबईस किंवा आखाती देशांत आहेत, हे येथे कोणास सांगावयास नको. फाइलीला वजन नसते, तिला बोट किंवा एस. टी. लागत नाही, मूळ मूर्ती घडविणारा हात गावात राहूनही जगाचे काम करू शकेल. अट एकच : काम त्याचे स्वतःचे असले पाहिजे.

आमच्या भाच्याला हे आम्ही शिकविले नाही. ते त्याचे त्यालाच उमजले. पाच-सहा उसने वीर करून झाल्यावर एके दिवशी आम्ही विचारले, “आता कोण?” तो म्हणाला, “मामा, वायरमन करतो.” ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. कौले, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि दिवसच्या दिवस गावे अंधारात राहिली. तेव्हा तो लहान होता. भर पावसात वाकलेल्या खांबावर चढलेला माणूस त्याने खिडकीतून पाहिला होता. त्याची मूर्ती त्याने घडविली. कमरेला दोर, एका हातात पक्कड, दुसऱ्या हाताने खांबाला मिठी, आणि मान वर. अंगावर झूल नाही, छातीवर अक्षर नाही. ती काळी करून पाहिली तरी कोण आहे ते कळले. खांबच मूर्तीचा आधार झाल्याने तोलाचा प्रश्नही सुटला. स्नायूंचे जे ज्ञान त्याने सिनेमाच्या वीरांवर मिळविले होते, ते सारे त्या पाठीत आणि दंडांत उतरले होते.

गेल्या दिवाळीत हा वायरमन आमच्या अंगणातल्या किल्ल्याच्या बुरुजाशेजारी उभा होता. शेजारच्या मुलांनी विचारले, “हे चित्र कोठल्या दुकानात मिळाले?” तेव्हा भाच्याचा चेहरा जो झाला, तो आम्हांस अजून मातीतही साधलेला नाही आणि पडद्यावरही नाही.

गावच्या वाचनालयाने एक संगणक आणि एक लेखणी या कामास दिली, तर अशी शाळा येथे सुरू होण्यास फारसे काही लागणार नाही. शिकविण्यास आम्ही मामा-भाचे तयार आहोत.