आधी राहून पाहा, मग घर बदला

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत पाठिंबा संपला आणि धडधाकट संगणक एका दिवसात ‘म्हातारे’ ठरले. त्यांच्यासाठीचा उपाय, म्हणजे लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली, आज सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतो. इथवर यायला लिनक्सला तीन दशकं लागली.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केली, तेव्हा ती फ्लॉपीवरून चाले. १९९३च्या स्लॅकवेअर या लिनक्सच्या वितरणाला तर फ्लॉप्यांची चळतच लागे. त्यातली एक खराब निघाली की सगळं मुसळ केरात. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने चित्र पालटलं. सीडी घाला, मशीन सुरू करा. हार्ड डिस्कला धक्काही नाही. त्याच वर्षी आठ एमबीचे पेनड्राइव्ह बाजारात आले. पुढे २००८च्या सुमारास सीडीची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवरूनही चालेल अशी घडवता येऊ लागली. मग रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहिणं सोपं केलं. २०२०च्या व्हेंटॉयमुळे तर एकाच पेनड्राइव्हवर हव्या तितक्या आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात.

मशीन सुरू होताना एफ१२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडला की आधी बूटलोडर जागा होतो, तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, रॅममध्ये आणतो. मूळ प्रणाली दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. तुमचे बदल तिच्यावर अंथरलेल्या रॅममधल्या थरात जातात. मशीन बंद केलं की थर गेला. भाड्याच्या खोलीसारखंच हे: वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टंकता येतं का, ते राहून पाहायचं. बदल टिकवायचे तर पेनड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’ची वेगळी जागा ठेवावी लागते.

२०१२पासून मान्य सही नसलेला बूटलोडर अडवणारं ‘सिक्युअर बूट’ आलं. गंमत अशी, की अनेक लिनक्स वितरणं त्यातून पार होतात ती मायक्रोसॉफ्टच्याच सहीच्या ‘शिम’ या छोट्या बूटलोडरवर!

धोके दोनच. पेनड्राइव्ह हळू असतो आणि सततच्या लिखाणाने झिजतो; रोजच्या वापराला एसएसडीच हवी. दुसरा धोका घाईचा. आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारी ‘डीडी’ आज्ञा देताना मी एकदा पेनड्राइव्हच्या ‘एसडीसी’ या नावाऐवजी ‘एसडीबी’ टंकलं. डीडी ‘नक्की का?’ असं विचारत नाही. पेनड्राइव्ह कोराच राहिला आणि शेजारी जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कवरचे सहा वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने डिस्कची नावं आणि आकार पाहिल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा लॅपटॉप सापडला, तर भंगारात घालण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. ‘इन्स्टॉल’चं बटण मात्र माहितीची दुसरी प्रत काढून, ती उघडून पाहिल्यावरच दाबा.