स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचा थकवा

वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही आठवडे थकवा येतो, मन खिन्न होते, कामात चित्त लागत नाही. घरच्यांनी यास आळस समजू नये. आहार अत्यल्प झालेला असतो. जठर लहान केल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. लहान आतड्याचा आरंभीचा भाग वगळला असल्यास लोहाचेही घटते. म्हणून प्रथिनयुक्त आहार, जीवनसत्त्वांच्या गोळ्या व ठराविक मुदतीने रक्ततपासणी आजन्म चालू ठेवावी. वारंवार उलट्या होऊन तोल जाणे, एका वस्तूच्या दोन दिसणे किंवा भ्रम होणे ही ब-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाची लक्षणे असू शकतात. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. खिन्नता टिकून राहिल्यास तीही डॉक्टरांना निःसंकोच सांगावी.