मागची सीट, मागचा हौदा : सोलापूरच्या घरासाठी दोन पिकअप

सोलापूर जिल्ह्यात ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांपुढे बोलेरोच येते. पहाटे सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवणारी, सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट घेऊन निघालेली, लग्नसराईत मंडपाचे बांबू वाहणारी. ही गाडी घरची असते, पण घरच्यांसाठी नसते. घरच्यांसाठी दारात वेगळी कार उभी असते. या दोन गाड्यांचं काम एकाच गाडीवर भागवता येईल का, हा प्रश्न बागायतदारांच्या वस्तीवर आता विचारला जातो. पुढून एसयूव्ही, मागून टेम्पो, पाच जणांना बसायला जागा आणि पांढरी नंबरप्लेट अशा मध्यम आकाराच्या डबल केबिन पिकअपने तो उभा केला आहे. आपल्या बाजारात या वर्गातली दोन ठळक नावं म्हणजे इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स.

पाडव्याला गाडी दारात आणायचा बेत असेल, तर या दोघींची तुलना सोलापूरच्या रस्त्यांवर, सोलापूरच्या उन्हात आणि सोलापूरच्या माणसांना बसवूनच करायला हवी.

दोघींची कुळं

आपल्याकडे पिकअप नवी नाही. टेल्कोने पुण्यात बनवलेली टाटामोबाइल १९८८ साली आली आणि तिच्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा ही कुटुंबाची गाडी उभी राहिली. पुढे महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटाची झेनॉन यांनी डबल केबिन पिकअप घरात नेण्याचा प्रयत्न केला, पण घरच्या गाडीची जागा त्यांना मिळाली नाही. पिकअप मालाचीच राहिली.

इसुझुने २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीत कारखाना सुरू करून व्ही-क्रॉस आणली. सुरुवातीची किंमत होती १२ लाख ४९ हजार रुपये. नाव परकं वाटलं, तरी जुन्या ॲम्बॅसेडरवाल्यांना ते परिचयाचं होतं, कारण ॲम्बॅसेडरच्या ‘१८०० आयएसझेड’ मॉडेलमध्ये इसुझुचंच इंजिन होतं. आपल्याकडे मिळणारी व्ही-क्रॉस मूळ २०११ च्या पिढीची आहे. परदेशात तिची पुढची पिढी २०१९ मध्येच आली.

हायलक्सचा जन्म १९६८ चा. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात २००३ मध्ये एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवली आणि पाडायच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवून खाली आणली, तरी ती पुन्हा सुरू झाली. तिच्या दणकटपणाची कीर्ती तिथून घरोघर गेली. भारतात ती २०२२ मध्ये आली, सुमारे ३४ लाखांपासून पुढे. फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा ज्या सांगाड्याच्या, त्याच कुळातली ही, आणि इंजिन फॉर्च्युनरचंच.

दोघींचं खरं माहेर थायलंड. तिथे पिकअपवर कर कमी लागतो, त्यामुळे शेतात, ऑफिसात आणि सासुरवाडीला एकच गाडी नेणारी कुटुंबं सर्रास दिसतात. आपल्या करांची आणि नियमांची घडी वेगळी आहे. तो हिशेब पुढे येईलच.

ताकद

हायलक्समध्ये २.८ लिटरचं डिझेल इंजिन आहे. ताकद २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर. व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटरचं. कागदावर सामना एकतर्फी आहे.

पण आपल्या वाटा पाहा. सोलापूरहून अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या पुढे, पुणे अडीचशे. तुळजापूरचा घाट सोडला तर बहुतेक रस्ता सपाट माळाचा. या वाटांवर १६३ पीएस कमी पडत नाहीत. पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर उसाच्या ट्रॉलीला आणि कंटेनरला मागे टाकताना हायलक्सचा जोर जाणवतो. आठवड्याला पुण्याची खेप असेल तर त्या जोराला किंमत आहे. आसरा चौक ते सात रस्ता एवढंच रोजचं जाणं असेल, तर ती ताकद झोपूनच राहणार.

शिवाय बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो स्वच्छ होण्यासाठी गाडी मधूनमधून वेगाने सलग पळावी लागते. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीत तो तुंबतो. शहराबाहेर फारसं न पडणाऱ्या घराने या दोन्ही पिकअप विसराव्यात, त्याचं हे पहिलं कारण.

गल्ली आणि पार्किंग

दुसरं कारण लांबी. दोन्ही गाड्या सुमारे ५.३ मीटर लांब आहेत, इनोव्हा क्रिस्टापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या कारच्या पार्किंगचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर आहे. म्हणजे जुळे सोलापुरातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये नियमाप्रमाणे आखलेल्या चौकटीतूनही हिचा फाळका फूटभर बाहेर राहणार आणि सोसायटीच्या बैठकीत त्यावर विषय निघणार.

वळायलाही दोघींना मोठी जागा लागते. नवी पेठेत दिवाळीची खरेदी किंवा चाटी गल्लीत साड्यांचा बस्ता बांधायचा असेल, तर गाडी लांब उभी करून चालत जाणंच शहाणपणाचं. वस्तीवर किंवा बंगल्यात राहणाऱ्याला यातलं काहीच अडचणीचं नाही, दारापुढे अंगण असतं. लांबी-रुंदीत दोघींत निवड करण्यासारखा फरक नाही.

मागची सीट

कुटुंबाची गाडी मागच्या सीटवर ठरते. चालवणारा खूश असतोच. आई-आजी काय म्हणतात, ते महत्त्वाचं.

पिकअपमध्ये मागच्या सीटमागे लगेच केबिनची भिंत येते. त्यामुळे सीटची पाठ कारपेक्षा ताठ असते आणि तासाभरात कंबर बोलू लागते. व्ही-क्रॉसबद्दल ही तक्रार जुनी होती. २०२४ च्या सुधारणेत इसुझुने ती पाठ थोडी कलती केली आणि मागच्या तिघांनाही तीन टोकांचे सीटबेल्ट दिले. हायलक्सची मागची सीटही फॉर्च्युनरसारखी असेल ही अपेक्षा ठेवू नये. सांगाडा एका कुळाचा असला तरी बैठक पिकअपचीच आहे.

चढणं-उतरणं हा दुसरा मुद्दा. दोन्ही गाड्यांची जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटरपेक्षा जास्त. लुगडं सावरत, गुडघा धरत चढणाऱ्या बाईला पायरी आणि धरायचा दांडा किती उपयोगी पडतो, ते शोरूममध्ये तिलाच चढवून पाहा. मे महिन्यात पारा ४३ च्या घरात असतो. काळ्या रंगाच्या केबिनमध्ये मागे बसलेल्या लेकरापर्यंत एसीचा गारवा किती वेळात पोहोचतो, हे भर दुपारी तपासावं.

तिसरा मुद्दा धक्क्यांचा. दोघींनाही मागे पाट्यांचे स्प्रिंग आहेत, कारण हौद्यात वजन पडणार हे गृहीत धरलेलं. वजन असलं की गाडी जमिनीला धरून शांत चालते, रिकामी असली की खड्ड्यावर मागची बाजू उडते. हायलक्स या बाबतीत जास्त कडक. ज्या घराचा हौदा महिन्यातले बहुतेक दिवस रिकामा असणार, त्या घराने हे धक्के फुकट सोसायचे.

सुरक्षेत मात्र दोघीही मालाच्या पिकअपच्या कितीतरी पुढे आहेत. हायलक्समध्ये सात एअरबॅग, व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलमध्ये सहा. पुढे लोखंडी बुलबार बसवायचा मोह आवरा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे, आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडण्यातही तो अडथळा ठरू शकतो.

हौद्याचा हिशेब

हौद्याचा उपयोग काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. ठिबकच्या नळ्या, पेंडीची पोती, खताच्या बॅगा, बेदाण्याचे बॉक्स, आषाढीत दिंडीच्या स्वयंपाकाची पातेली आणि पाण्याचे जार. कारच्या डिकीत यातलं काही नीट मावत नाही, आणि मावलं तरी आतला वास महिनाभर जात नाही.

पण मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे गाडीची खरी कुवत. पाच मोठी माणसं बसली की साधारण साडेतीनशे किलो तिथेच गेले. डाळिंबाचा क्रेट वीस किलोचा धरला, तर वीस क्रेटचे ४०० किलो. माणसंही न्यायची आणि क्रेटही, असा बेत असेल तर शोरूममध्ये बसूनच ही वजाबाकी करा. पांढऱ्या पाटीच्या पिकअपची कुवत मालाच्या पिकअपपेक्षा बरीच कमी असते. रोज टनाने माल वाहायचा असेल, तर बोलेरो कॅम्परसारखी डबल केबिन गाडी निम्म्याहून कमी पैशात ते काम करते. तिच्यात ऐषआराम शोधू नये, एवढंच.

हौद्याला डिकीसारखं झाकण नसतं. जूनच्या पावसात बॅगा भिजतात, माळावरच्या धुळीत सगळं माखतं. कंपनीने मान्य केलेलं झाकण किंवा निदान चांगली ताडपत्री खरेदीतच धरा. परस्पर मोठे बदल करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. आणि हौद्यात माणसं बसवू नका, यात्रा असो की वऱ्हाड. तिथे सीटबेल्ट नाही आणि धडकेत वाचवणारं काहीच नाही.

पांढरी पाटी की पिवळी?

पांढऱ्या पाटीवर खासगी डिझेल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर लागतो : किंमत १० ते २० लाख असेल तर १४ टक्के, २० लाखांवर १५ टक्के. तीस लाखांच्या गाडीवर साडेचार लाख नुसता कर. हलक्या मालवाहू गाड्यांना २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पाने किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला आहे.

पांढरी पाटी पंधरा वर्षं निश्चिंत असते. पिवळ्या पाटीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी. भरल्यावरचं वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिटही लागत नाही. परवान्याचा घोळही मिटला आहे. साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

खरी गोम विम्यात आहे. खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत भाडं घेणं आणि माल वाहणं या दोन्ही गोष्टी वगळलेल्या असतात. नमुने आणि स्वतःचं सामान एवढीच सूट. चार पिशव्या खत घरी आणणं निराळं आणि हंगामभर अडत्याकडे क्रेट पोहोचवणं निराळं. दुसरा प्रकार नित्याचा असेल, तर पांढऱ्या पाटीवर अपघात झाल्यास दावा अडकू शकतो. विमा एजंटाकडून याचं उत्तर लेखी घ्या.

काळी माती आणि पूर

हायलक्सच्या सगळ्या मॉडेलना फोर बाय फोर आहे. व्ही-क्रॉस दोनच चाकांच्या ओढीवरही, म्हणजे फोर बाय टूमध्येही मिळते. तिचं साधं भावंड हायलँडर फक्त फोर बाय टू. डांबरी रस्ता वस्तीपर्यंत आला असेल, तर फोर बाय फोरचे पैसे वाचवा. पाणंद अजून काळ्या मातीचीच असेल, तर पावसाळ्यात त्याला पर्याय नाही. मात्र काळी माती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं फिरूनही गाडी जागची हलत नाही. टायर चिखलाचे नसतील तर फोर बाय फोरचा उपयोग अर्धाच.

हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. हा आकडा साचलेल्या पाण्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ भागातल्या गावांत जे केलं, ते पाहिलेल्या कुणीही वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, मग ती कुठलीही असो.

निवाडा

किमती २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर हलल्या आहेत, म्हणून जुन्या जाहिरातीवर न जाता आपल्या मॉडेलची ऑन-रोड किंमत लेखी मागा. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, तेही फोन करून विचारा. सर्व्हिसला पुण्याला जावं लागलं तर जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर आणि एक दिवस. फॉर्च्युनरचं इंजिन असल्याने हायलक्सचं काम टोयोटाच्या कुठल्याही वर्कशॉपला हातखंडा आहे. हा तिचा मोठा आधार.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि वर्षातून चारदा गावी जाणाऱ्या कुटुंबाने दोन्ही सोडून सरळ एसयूव्ही घ्यावी. रोज माल वाहणाऱ्याने पिवळ्या पाटीची कॅम्पर आणि घरासाठी एक छोटी कार घ्यावी, दोन्ही मिळूनही स्वस्त पडतील. वस्तीवर राहून आठवड्याला दोन-तीनदा हौदा वापरणाऱ्या आणि माणसांनाही त्याच गाडीतून नेणाऱ्या घराला व्ही-क्रॉसचं फोर बाय टू ऑटोमॅटिक पुरेसं आहे. वाचलेले पैसे शेताला उपयोगी पडतील. पाणंद वाईट, पुणे-हैदराबाद नेहमीचं आणि एकच गाडी पंधरा वर्षं ठेवायची असेल, तर जास्त पैसे मोजून हायलक्स घ्यावी.

काहीही ठरवलंत तरी टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवा, हौदा रिकामा ठेवा आणि गाडी तासभर खराब रस्त्यावर फिरवा. उतरल्यावर त्यांचं मत आधी विचारा, सेल्समनचं नंतर.